ताराआत्याचं हसू आणि हरेश्वरची खुर्ची

मेकअपच्या खुर्चीत बसलं की माणूस डोळे मिटतो आणि तोंड उघडतो. मी कधी कुणाला काही विचारत नाही, तरी लोक सांगतात. घरचं सांगतात, सेटवरचं सांगतात, आणि आधी त्याच खुर्चीत बसून गेलेल्याबद्दल तर फारच सांगतात! इतकी वर्षं लोकांच्या तोंडाला रंग फासतोय. रंग रोज पुसला जातो, किस्से मात्र साठत जातात. ते काही कोल्ड क्रीमने निघत नाहीत.

त्यातले निम्मे किस्से एकट्या हरेश्वरचे. किहीमच्या अलीकडे बर्फाच्या एका जुन्या कारखान्याची शेड आहे, तिथे आमच्या पॅनल शोचं शूटिंग व्हायचं. लांबलचक टेबल, मागे झगमगाट, टेबलामागे चार विनोदवीर, एक निवेदक आणि दर आठवड्याला एक पाहुणा. त्या चौघांत कडेच्या खुर्चीवर बसायचा तो हरेश्वर. पेणकडच्या मिठागरवाल्या घरातला. आधी ट्रक चालवायचा, मग गावोगावच्या हळदीत माइक धरून लोकांना हसवायला लागला आणि तिथून आमच्या टेबलावर आला. ऐन भरात शो सोडून गेला तो हाच. पेपरात काय काय छापून आलं! खरं काय झालं ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच मेकअप रूममध्ये झालं. पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

*

पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसला. मी सवयीने दोन शेड उजळ फाउंडेशन काढलं. टीव्हीसाठी सगळ्यांनाच आम्ही थोडं उजळवतो, त्यात विशेष काही नाही. एक गाल करून झाला. हरेश्वरने आरशात आधी हा गाल बघितला, मग तो गाल बघितला.

"विलासशेठ, दुसरा नको."

"का रे?"

"असा घरी गेलो तर बायको दार उघडंल आनि इचारंल, कोन पायजे!"

दुसऱ्या दिवशी अलिबागला जाऊन मी त्याच्या रंगाची वेगळी डबी घेऊन आलो. ती डबी अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही, पण टाकवत नाही.

*

आता एक आतली गोष्ट. पॅनल शोमध्ये जे 'पटकन सुचलं' म्हणून दिसतं ना, ते आधीच लिहून आलेलं असतं. दचकायचं कुठे तेसुद्धा लिहिलेलं असतं! आमच्या निर्मात्या शलाका मॅडम या बाबतीत भारी कडक. तालमीत त्या हरेश्वरला म्हणाल्या, "इथे पाहुणा अचानक तुझं नाव घेतो. तू दचक."

हरेश्वर काही दचकेना. मॅडमनी पुन्हा करून घेतलं, पुन्हा तेच.

"अरे, प्रॉब्लेम काय आहे तुझा?"

"म्याडम, मी ट्रक चालवायचो. वडखलच्या पुढं म्हैस आडवी यायची ना, ती आधी मेल टाकून न्हाय यायची!"

मॅडम सगळ्यांत मोठ्याने हसल्या. पुढच्या भागात हाच जोक आमच्या निवेदकाला 'पटकन सुचला'! मी हरेश्वरला म्हटलं, "तुला राग नाही आला?" तर म्हणतो, "राग कशाला? म्हैस काय माझ्या एकट्याची हाय?"

*

आमच्या शेडला खिडकी नाही. बर्फ टिकावा म्हणून बांधलेल्या जाडजूड भिंती, दार बंद आणि वरून एसी. आत आलेला वास तिथेच मुक्काम ठोकतो. एकदा हरेश्वरने डब्यात तळलेले बोंबील आणले. डबा उघडला आणि शूटिंग थांबलं! एसीवाल्याला बोलावून जाळ्या धुवाव्या लागल्या. मॅडमनी तिथल्या तिथे नियम काढला, शेडमध्ये मासळी आणायची नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा ड्रायव्हर गुपचूप एक रिकामा डबा घेऊन हरेश्वरकडे आला.

"मॅडम म्हणाल्या, बाहेर गाडीत चालेल."

हे मुद्दाम सांगतोय. मॅडम काही वाईट बाई नाहीत. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

*

प्रेक्षक आणायचं काम सुरुवातीला एका एजंटकडे होतं. तो कॉलेजची पोरं आणायचा आणि ती मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची. मग हरेश्वर म्हणाला, मी आणतो. त्याने आपल्या गावातल्या बचत गटाच्या बायका टेम्पोत बसवून आणल्या. त्यांच्यात ताराआत्या होती. पेणच्या बाजारात सुकी मासळी विकणारी, साठीची, आवाज असा की बर्फाची शेड वितळावी.

शूटिंगच्या आधी आमच्याकडे 'हसू भरून घ्यायची' पद्धत आहे. म्हणजे प्रेक्षकांना नुसतंच हसायला लावायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि नंतर एडिटिंगमध्ये हवं तिथे चिकटवायचं. आमच्या फ्लोर मॅनेजरने हात वर करून सांगितलं, "चला, आधी मोठं हसू!"

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. ताराआत्या उठून उभी राहिली.

"कशाला हसू?"

"आत्या, जोक नंतर आहे. हसायचं आधी."

"वा रं बाबा! एवढा उधार आमी बाजारात पन देत न्हाय!"

मग हरेश्वर टेबलावरून खाली उतरला आणि बायकांसमोर जाऊन उभा राहिला. गावातल्या एका हळदीत नवरदेवाऐवजी त्याच्या भावालाच कशी हळद लागली, ते त्याने करून दाखवलं. बायका लोटपोट झाल्या. ताराआत्या हसते तेव्हा शेजारणीच्या मांडीवर थापा मारते. त्या दिवशी शेजारीण जागा बदलून बसली!

तेव्हापासून दर शूटिंगला हेच. नुसतं 'हसा' म्हणून त्याने कधी कुणाला हसवलं नाही, आधी खरा विनोद द्यायचा, मगच हसू घ्यायचं. त्याचे सगळ्यांत भारी विनोद टीव्हीवर कधी आलेच नाहीत. ते त्या बायकांनी ऐकले आणि दाराच्या फटीत उभं राहून मी ऐकले. इतका प्रामाणिक कलाकार मी दुसरा पाहिला नाही, हे अगदी छातीवर हात ठेवून सांगतो.

*

मग तो दिवस आला. मुंबईचा एक नट पाहुणा होता, सिनेमाच्या जाहिरातीसाठी आलेला. बोलता बोलता त्याने बायकांच्या रांगेकडे बघून नाकाला रुमाल लावला.

"मागे कुणी सुकी मासळी घेऊन बसलंय का? एसी बंद करा, वास फिरतोय!"

कुणी हसलं नाही. बायका चांगल्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या होत्या. ताराआत्याने मान खाली घातली आणि पदर सारखा केला. 

हरेश्वर शांतपणे म्हणाला, "साहेब, ह्या बाया अंघोल करून आल्यात. वास तुमी नाकातच घेऊन आलाव!"

शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट! नटाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्हाला वाटलं, झाली फिटंफाट.

पण भाग टीव्हीवर आला तेव्हा हरेश्वरचं उत्तर गायब. नटाचा जोक मात्र होता. आणि जोक झाल्या झाल्या पडद्यावर कोण? ताराआत्या! शेजारणीच्या मांडीवर थापा मारत, पोट धरून हसतेय! त्याच सकाळी हरेश्वरने नक्कल करून भरून घेतलेलं हसू तिथे आणून चिकटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेणच्या बाजारात तिच्या बरोबरीच्या बायकांनी तिला घेरलं. "काय गो तारा, आपल्याच बोंबलाला हसलीस? टीवीवर जाऊन?" ती सांगत होती की मी त्याला हसलेच नाही. पण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पुढच्या शूटिंगला टेम्पो आला, त्यात ताराआत्या नव्हती. बाजारातही बसायला जात नाही, असं बायका म्हणाल्या.

*

त्या दिवशी हरेश्वर माझ्या खुर्चीत बसला, पण मला हात लावू देईना. "आधी म्याडमला बोलवा." मॅडम आल्या.

"तेवढा तुकडा काढा म्याडम. मोबाइलवरून पन काढा."

"अरे, तोच तुकडा सगळीकडे फिरतोय. चॅनल काढू देणार नाही. आणि जोक तर नटाने केलाय, आपण नाही."

"जोक त्याचा, पन हसू तिचा हाय. जिथं ती हसली न्हाय, तिथं तिचा हसू लावायचा न्हाय."

मॅडमनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ, पुढच्या सीझनला तुला मधली खुर्ची देते. मी आत्याच्या घरी येऊन माफी मागते. पण तुकडा राहू दे."

मधली खुर्ची म्हणजे काय, ते टीव्हीवाल्यांना विचारा. लोक त्यासाठी सख्ख्या मित्राचा गळा कापतात! हरेश्वरने माझ्या टेबलावरचा ओला रुमाल घेतला आणि मेकअप नसलेलं तोंड पुसलं.

"माफी घरात, आनि बदनामी बाजारात? असा न्हाय चालत म्याडम."

तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. मला रडू आलं, लपवत नाही.

*

पेपरात छापून आलं की हरेश्वरने मानधनासाठी शो सोडला. कुणी म्हणालं, डोक्यात हवा गेली. मी फोन केला. "अरे, खरं काय ते सांगून टाक ना!"

"सांगितला तर काय होईल? ती क्लिप अजून चार जन बघतील. माझा काय विलासशेठ, हलदी चालू हायेत. मना लोभी म्हनू दे."

*

काही आठवड्यांनी त्याच नटाला परत बोलावलं. सिनेमा चालला होता ना! हरेश्वर गेल्यापासून बायकांचा टेम्पो बंद झाला होता, त्यामुळे प्रेक्षक कुठून आणायचे हा मोठा प्रश्न होता. तेवढ्यात गेटवर टेम्पो येऊन थांबला. मी चहा घेत बाहेरच उभा होतो. बघतो तर स्टीअरिंगवर हरेश्वर!

"परत आलास?" मी आनंदाने ओरडलोच.

"मी कशाला? बायांना सोडायला आलोय. आज मी डायवर."

तो काही खाली उतरला नाही. बायका उतरल्या, साड्या नेसून, गजरे माळून. सगळ्यांत शेवटी ताराआत्या. डोक्यावर मोठी टोपली, वर घट्ट बांधलेलं प्लास्टिक. वॉचमनला वाटलं, पाहुण्यासाठी भेट आणलीय. त्याने स्वतः दार उघडून दिलं!

बायका पहिल्या रांगेत बसल्या. दार बंद झालं, एसी सुरू झाला. नट टेबलावर येऊन बसला, मॅडम मॉनिटरजवळ उभ्या राहिल्या. फ्लोर मॅनेजरने हात वर केला. "चला, आधी मोठं हसू!"

एकही बाई हसली नाही. ताराआत्याने टोपली मांडीवर घेतली आणि सावकाश प्लास्टिक सोडलं. सुकट, बोंबील, जवळा, टोपली शिगोशीग भरलेली. खिडकी नसलेल्या त्या शेडमध्ये एसीने आपलं काम चोख केलं. नट नाक धरून खुर्चीवरून उठला. निवेदक टेबलाखाली वाकला. मॅडमनी वर एसीकडे बघितलं.

फ्लोर मॅनेजर हात जोडून म्हणाला, "आत्या, अहो, हसा ना!"

"आज जोक आमी आनलाय," ताराआत्या म्हणाली. "हसा तुमी!"