जावयाचा ढीग

जावयाला दशमग्रह म्हणतात. प्रत्येक लग्नात कोणीतरी हा विनोद करतोच, माझ्याही लग्नात झाला होता. मी मोकळेपणाने हसलो होतो. मी काही मानपानावरून रुसणारा, अंगठीसाठी अडून बसणारा जावई नव्हतो. नाशिकला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा, सासरी जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलणारा माणूस. अशा जावयाचा कोणाला काय त्रास होणार, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

पीएचडी मी उशिरा धरली, चाळिशी उलटल्यावर. विषय होता साठवलेल्या कांद्याच्या ढिगातून उष्णता कशी वाहते हा. ढिगाच्या आतलं तापमान मोजत राहायचं आणि त्यावरून उलट शोधायचं, की त्या ढिगाचे उष्णतेचे गुणधर्म काय असतील. चहा किती वेळात निवला ते पाहून कप स्टीलचा की चिनीमातीचा हे ओळखण्यासारखंच काहीसं. हे ओळखायचं काम सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर करतं. त्याच्यात एक ढीग रचायचा, गुणधर्मांचे अंदाजी आकडे द्यायचे, मग ते गणित करून तापमानाची एक रेघ काढतं. ती रेघ आपण मोजलेल्या रेघेवर बसली नाही तर आकडे बदलून पुन्हा. रेघेवर रेघ बसली, की आकडे बरोबर आले असं धरायचं. सांगायला सोपं आहे. फक्त या पद्धतीत एक मेख आहे: ढिगात जे चाललंय ते सगळं आपण सॉफ्टवेअरला सांगितलेलं असावं लागतं.

मोजायला खरा ढीग हवा होता, आणि माझं सासर सटाण्याजवळचं. बायकोच म्हणाली, "बाबांची कांद्याची चाळ आहे की." तिच्या वडिलांना मी मामा म्हणतो, आईला मामी. मी फोनवर विचारायचा अवकाश, मामा हो म्हणाले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्यांची चाळ भरत होती, तेव्हा मी तापमान मोजायच्या तारा आणि त्यांच्या नोंदी घेणारी एक पेटी घेऊन पोचलो. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची लांबलचक चाळ, खालून वारा खेळावा म्हणून जमिनीपासून उचललेली. त्या वर्षीचा सगळा उन्हाळ कांदा त्या एका चाळीत गेला. पावसाळ्यात भाव चढला की तो काढायचा आणि त्यावर घराचा स्लॅब टाकायचा, हे मामा-मामींचं ठरलेलं होतं. मला ते माहीत होतं. मामांनी कुठे जिना काढायचा तेसुद्धा मला दाखवलं होतं.

तारा ढिगात नीट बसल्यावर मी म्हणालो, "मामा, एकच विनंती. आता काही झालं तरी ढिगाला हात लावायचा नाही. कांदे हलले की तारा हलतात, मग माझं सगळं मुसळ केरात."

"नाही लावणार. आपण निश्चिंत असावे," मामा म्हणाले.

मामा घरात आणि गावात अहिराणी बोलतात. माझ्याशी मात्र ते शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलतात, पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या कपबशा काढाव्यात तशी. मला त्याचं कौतुक वाटायचं. ती मराठी बोलणारा माणूस मला कधीच "नाही" म्हणणार नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पेटीत सिमकार्ड होतं, त्यामुळे ढिगाचं तापमान मला नाशिकला घरबसल्या दिसायचं. सुरुवातीला सगळं छान चाललं. आषाढात मधल्या तारेचं तापमान चढायला लागलं आणि माझी रेघ काही केल्या बसेना. सुट्टीचे दिवस त्यात जायला लागले. बायको काही विचारायला आली तरी मी तिच्यावर खेकसायचो. शेवटी मी सॉफ्टवेअरला एक जास्तीची मुभा दिली. कांदा साठवणीत श्वास घेतो, त्यातून थोडी उष्णता निघते. म्हटलं, तो आकडाही तूच शोधून दे. त्याने दिला. आणि रेघ रेघेवर अशी बसली की मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

आकडा पुस्तकातल्या आकड्याच्या कितीतरी पट होता. शहाणा माणूस तिथे थांबला असता. मी मात्र स्वतःची समजूत काढली: पुस्तकातला कांदा परदेशी, शीतगृहात ठेवलेला. आपला बागलाणचा कांदा तिखट, आपला कांदा मुळातच गरम. माझे मार्गदर्शक म्हणाले, "आकडा जरा तपासून बघा." मी त्यातलं "तपासून" तेवढं सोडून दिलं आणि मामांना फोन लावला.

"मामा, आपला कांदा भारी निघाला!"

"असे का? छान, छान." मग ते म्हणाले, "अजून किती दिवस ठेवावा लागेल?"

"गणपती होऊ द्या."

"चालेल. काही हरकत नाही."

राखीला बायको माहेरी जाऊन आली. आल्या आल्या म्हणाली, "चाळीपाशी वास येतोय."

"कांद्याच्या चाळीला काय मोगऱ्याचा वास येणार?"

"बाबांना विचार तरी."

"विचारतो ना मी. ते चांगलं आहे म्हणतात."

ती पिशवीतल्या भाज्या काढायला आत गेली. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायचं असेल तर माझ्याकडे बोट दाखवावं. मी ते लांब नाशिकला बसून, पडद्यावर बघून करत होतो.

गणपती बसले, उठले, आणि दोन तारा एकदम बंद पडल्या. फोन न करता मी गाडी काढली आणि सरळ सटाण्याचा रस्ता धरला.

मळ्याच्या वळणावरच वास आला. गाडीच्या काचा बंद असून आला. सडलेल्या कांद्याचा तो वास ओळखायला शेतकरी असावं लागत नाही, नाक असलं की पुरतं. चाळीखालून काळपट पाणी झिरपत होतं आणि त्यावर माश्या घोंगावत होत्या. मामा समोरून आले, मला पाहिलं आणि गडबडले. घर झाडलेलं नसताना पाहुणा दारात यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"फोन केला असता तर... या, या. आधी हातपाय धुवा."

"मामा, हे कधीपासून?"

ते काही बोलायच्या आत मामी ओट्यावरून बोलल्या. "आषाढपासून सडी राहिनी चाळ! भाव व्हता तवय सगळास्नी कांदा काढा. आमना ऱ्हायना. ह्या गावले सांगतस, जवाईना ढीग शे, हात लावाना नही."

"तू चूप ऱ्हाय," मामा त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुन्हा ती पुस्तकातली मराठी. "थोडा खराब झाला आहे. पाऊस तिरका लागला यंदा. एरवी आम्ही मधून मधून सडके कांदे निवडून काढतो, म्हणजे बाकीचे वाचतात. पण आपण हात लावू नका म्हणाला होतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते त्यांच्याकडून काय चुकलं ते मला समजावून सांगत होते. "आपला अभ्यास बिघडला का? कळवायला हवे होते मी. पण म्हटले, जावयाचे काम चालू आहे, मध्ये कशाला बोलायचे."

सडणारा कांदा तापतो. मधल्या तारेने आषाढापासून मला रोज तेच कळवलं होतं, आणि सॉफ्टवेअरला मी सडण्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने ती सगळी उष्णता निरोगी कांद्याच्या नावावर टाकली. मामांचा स्लॅब कुजत होता आणि मी त्याला कांद्याचा गुणधर्म म्हणत होतो. फोन करून मामांना ते कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं. मला इतकी लाज वाटली की मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

मी तारा उपसल्या. मामा आणि मामी लगेच चाळ उघडून निवडायला लागले. मीही बाह्या वर करून पाटी उचलली, तर मामांनी ती माझ्या हातातून घेतली. "आपण नाही. कपडे खराब होतील." मामींनी निंबाखाली खुर्ची आणून ठेवली. मी नको म्हणालो, परत एकदा नको म्हणालो, आग्रहाच्या दुसऱ्या पोळीला म्हणतात तसं. आणि मग बसलो. खरंच बसलो. सासू-सासरे काळे, मऊ झालेले कांदे पाट्या भरभरून बांधावर नेऊन टाकत होते, आणि मी स्वच्छ शर्टात खुर्चीवर बसून ते बघत होतो. चांगल्या कांद्याचा ढीग बाजूला पडत होता, तो काही केल्या गुडघ्याच्या वर जाईना.

दुपार कलल्यावर मामा हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"एक विचारू? आपले काम तर झाले ना?"

झालं नव्हतं. माझ्याकडे होता तो फक्त एका चाळीच्या सडण्याचा आलेख. पण नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, की ही अख्खी चाळ फुकटच गेली.

"झालं, मामा."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. ते वळले आणि चाळीत वाकलेल्या मामींना मोठ्याने, त्यांच्या खऱ्या भाषेत म्हणाले, "अवं, काम व्हयी गयं त्यास्नं. वाया नही गया कांदा."