गाडी हवालदाराला दाखवून घ्या

फौजेतून सुटून पलूसच्या बाजूला आमच्या गावी आलो, तेव्हा माझ्याजवळ एक काळी ट्रंक, एक होल्डॉल आणि गाड्यांबद्दलची मतं एवढंच होतं. ट्रंक माळ्यावर गेली, होल्डॉल उंदरांनी खाल्ला, मतं मात्र वाढतच गेली. सोळा वर्षं मी फौजेच्या गाड्या चालवलेल्या. वाळूत चालवल्या, बर्फात चालवल्या, एकदा तर नदीतून चालवली. असा माणूस गप्प बसेल कसा?

सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. उसाला पाणी मिळालेलं, त्यामुळं ज्याच्या त्याच्या तोंडी गाडी. कुणाला ट्रॅक्टर हवा, कुणाला ऊस ओढायला ट्रक, कुणाला बाजारात भाजी न्यायला तीनचाकी टेम्पो. आणि घ्यायच्या आधी सगळ्यांचं एकच, "गाडी हवालदाराला दाखवून घ्या." दिवस उगवायला दारात माणूस हजर. मी कुणाचा पैसा घेतला नाही. चहा मात्र दोनदा घ्यायचो आणि मान तीनदा.

माझी बघायची रीत ठरलेली होती. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून वास घ्यायचा. मग पोतं अंथरून गाडीखाली पाठीवर निजायचं आणि चांगली पंधरा मिनिटं वर बघत राहायचं. भोवती जमलेली माणसं माझ्या पायांकडं बघत बसायची. "झोपला का काय हवालदार?" असं कुणी कुजबुजलं तर मला खालून ऐकू यायचं. मग इंजिन चालू करून बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. पाणी सांडलं तर गाडी नापास. शेवटी सागरेश्वराच्या चढाला नेऊन मधेच थांबवायची, हँडब्रेक ओढायचा आणि मी खाली उतरून मागच्या चाकाच्या मागं उभा राहायचो. गाडीचा मालक घाबरून डोळे मिटायचा. मी बिडी पेटवायचो.

मतांचं म्हणाल तर ती मी कुणाला विचारल्याशिवायसुद्धा द्यायचो. पेट्रोलची गाडी बोलायला गोड, पण खायला वखवखलेली. डिझेलची तोंडाळ, पण कष्टाळू. तीनचाकी टेम्पो सरळ रस्त्याला गुणाचा, वळणावर मात्र त्याला लगाम नाही. मोटार साहेबाला बरी, आमच्या पाणंदीत तिचं पोट घासतं. कोरेगावच्या एका बागायतदारानं दोन नवे ट्रक शेजारी उभे करून मला बोलावलं, तेव्हा मी दोन्हींच्या खाली निजून उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "लगीन लावायचं असंल तर हा घ्या, दिसायला चांगला हाय. ऊस ओढायचा असंल तर तो घ्या." विकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बागायतदारानं मला जेवायला ठेवून घेतलं.

मग मी स्वतःची जीप घेतली. फौजेच्या लिलावातली, जुनी. अकरा जीपच्या खाली निजलो आणि बारावी उचलली. ती घ्यायचं खरं कारण माझी आई. तिचं माहेर औंधाजवळ. तिथं तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा. दोघांचा एकमेकांवर लय जीव. पण सहा वर्षांत ना ती गेली ना तो आला. तिला विचारलं की म्हणायची, "कामं पडल्यात." मामाची पत्रं यायची, त्यातही तेच, "काम लय हाय, सवड न्हाई." मी मनात म्हटलं, यष्टीचा त्रास नको म्हणून जात नसंल. आता घरची गाडी. पोराच्या गाडीतून ऐटीत जाईल, भावाला भेटेल.

जीप दारात आली. आईनं चाकावर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी म्हटलं, "आये, बस. पहिली फेरी तुझी."

"तुमी जावा. म्हशीची धार काढायची हाय."

सकाळचे अकरा वाजले होते. अकराला कोण धार काढतं? पण मी अशा तोऱ्यात होतो की, माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. गल्लीतली पोरंठोरं भरून मी गाव फिरवून आलो.

पुढं प्रत्येक वेळी तेच. बाजाराला चल म्हटलं, तर डाळ निवडायची. जत्रेला चल म्हटलं, तर उपास. माहेरी चल म्हटलं, तर माझ्याकडं न बघता, "जाऊ की सवडीनं." असे चार महिने गेले. माझा पारा चढत चालला. सगळा तालुका माझ्या शब्दावर गाड्या घेतो आणि माझी आई माझ्या गाडीत बसत नाही! एका दुपारी तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी बायकोला म्हणालो, "हिला पोराच्या हातचा भरवसा न्हाई. बस म्हणावं घरात!"

आई उठून परड्यात गेली. बायकोनं मात्र हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आवं, काय बोलताय तुमी? आत्तींचा पाय उचलत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? गुडघं धरल्यात. तुमची ती गाडी कवढी उंच हाय! सा वर्सांमागं यष्टीत चढताना पाय पोचंना, तर कंडक्टरनं बगलेत हात घालून वर वढलं. भरल्या स्टँडावर. सामान चढवल्यागत. लोकं हसली. त्या तिथनंच माघारी घरी आल्या आणि मला म्हनल्या, कुनाला सांगू नगंस, आन् पुन्यांदा मला कुनी उचलायचं न्हाई." मग तिनं शेवटचं हाणलं, "तुमी सगळ्या गाड्यांच्या खाली निजून बघतासा. वर कोन चढनार हाय ते कवा बघितलंसा?"

मी कपाळाला हात लावला. खरं सांगतो, फौजेत असताना साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, त्याचं काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आईच्या चालण्याकडं मी चार महिन्यांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. गाडीचा आवाज जरा बदलला तर मला झोपेत कळायचं.

मग मी नव्यानं गाड्या बघायला लागलो. आई स्वयंपाकघरातली पायरी कशी चढते ते बायकोनं गुपचूप बघून सांगितलं. एक वीत आणि चार बोटं. त्याच्यावर तिचा पाय जात नव्हता. तेवढी सुतळी तोडून मी खिशात घातली आणि सांगलीच्या स्टँडापासून साताऱ्याच्या पेठेपर्यंत दिसेल त्या गाडीच्या पायरीला लावत सुटलो. ट्रक म्हणजे सुतळीच्या तिप्पट. टेम्पोला पायरीच नाही. ट्रॅक्टरचं नावच नको. मोटारीला सुतळी जुळली, मला आनंद झाला, पण आत बसायला गुडघ्यात मोडून खाली वाकावं लागतं, आणि आईचा गुडघा मोडत नव्हता. गाड्या करणारी एवढी मोठी माणसं, त्यांच्या घरात कुणाला आई नव्हती काय? सांगलीचे टॅक्सीवाले माझ्याकडं बघून हसायचे. एक जण म्हणाला, "हवालदार, गाडीला झबलं शिवताय व्हय?" मी म्हटलं, "व्हय. बारसं हाय, ये जेवायला."

घरी स्टूल ठेवून बघितलं. स्टूल डुगडुगलं आणि आई कडाडली, "सर्कशीत हाय व्हय मी?" मग जीपला खाली लोखंडी पायरी जोडून घेतली. मोठ्या रुबाबात शेतात गेलो आणि पाणंदीतल्या पहिल्याच धोंड्याला ती पायरी पापडासारखी दुमडली. आईनं ती बघितली आणि इतकी हसली की, पदर तोंडात धरला. मीही हसलो. त्या निमित्तानं पहिल्यांदाच आम्ही मायलेक तिच्या गुडघ्यांबद्दल मोकळं बोललो.

तोड शेवटी तिनंच काढली. परड्यात खत भरायचं चाललं होतं, ट्रॉली बांधाला लावून गडी बांधावरून सरळ ट्रॉलीत जात येत होते. आई म्हणाली, "एवढा शाना तू, आन् तुला दिसंना व्हय? गाडी मागनं वट्याला लाव की."

आयला! मी गाडीत बसलो, मागं बघितलं आणि एका दमात जीप अशी मागं घेतली की, ओट्यात आणि जीपमध्ये करंगळीचं अंतर राहिलं. वळण नाही, दुसरा प्रयत्न नाही. फौजेतल्या कुठल्याच परीक्षेला मी एवढा जीव लावला नव्हता. आई ओट्यावरून चालत, या खोलीतून त्या खोलीत जावं तशी, जीपमध्ये गेली. मागच्या बाकावर बसली. लुगडं नीट केलं. म्हणाली, "हं. चला."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? माज्या भावाकडं."

त्याच आठवड्यात मामाला पत्र टाकलं आणि निघालो. मी पुढं, आई नि बायको मागं. कडेगाव, पुसेसावळी करत चाललो होतो. आई मागं तोंड करून बसलेली, त्यामुळं तिला सगळं गेल्यावर दिसायचं, आणि ती ओरडायची, "आरं, त्यो आंबा गेला बघ! माज्या लग्नाच्या वऱ्हाडानं त्याच्याखाली भाकरी खाल्ल्यावत्या!" मी सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचायच्या घाईत होतो, तरी तिनं मला चार वेळा थांबवलं. औंधच्या यमाईचा डोंगर दिसल्यावर तिनं जीपमधूनच हात जोडले आणि मग पोरीसारखी पदर नि केस सारखे करायला लागली. मला इतकं सुख झालं होतं की, मी हॉर्न वाजवत सुटलो. समोर रस्त्यावर कुणीसुद्धा नव्हतं.

मामाच्या दारात जीप उभी केली, इंजिन बंद केलं आणि समोर बघितलं. मामाचं घर सपाट. ओटा नाही, बांध नाही, काही नाही. दारासमोर सारवलेलं अंगण, तेही उताराचं. चढायचं मी एवढे दिवस बघत होतो. उतरायचं बघायचं राहूनच गेलं होतं!

आईच्या ते ध्यानात आलंच. तोवर गल्ली गोळा झाली. भाचे आले, सुना आल्या, शेजारणी आल्या. "उतरा की आक्का, उतरा की!" आई बाकाला घट्ट धरून म्हणाली, "मी हितंच बरी हाय. वारं लागतंय." तिचा आवाज मला ओळखू आला. अकरा वाजता धार काढायला निघालेल्या बाईचा आवाज. एवढ्या लांब आणून मी तिला पुन्हा भरल्या लोकांत तसंच उभं केलं होतं. मला रडू यायला लागलं.

इतक्यात घरातून मामा बाहेर आला. हातात काठी. एक पाय ओढत, दर पावलाला दात आवळत. आईनं त्याला बघितलं, त्यानं आईला बघितलं. ती वरून उतरू शकत नव्हती, तो खालून चढू शकत नव्हता.

"काम लय हाय म्हून कळवत हुतास न्हवं?" आई म्हणाली. "हेच व्हय रं ते काम?"

"आन् तुजी कामं पडलीवती ती हीच न्हवं, आक्के?"

आणि दोघं जी हसायला लागली! हसता हसता मामाचा पटका सुटला, आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सहा वर्षं दोघांनी एकमेकांना सारखीच थाप मारली होती. मामानं काठी भिरकावली आणि पोरांवर ओरडला, "बघता काय रं गड्यांनो, उचला मला!" दोघा पोरांनी त्याला मोळीसारखा उचलून जीपमध्ये सारला. तो आईच्या शेजारी धपकन बसला. लाज नाही, लज्जा नाही. लोक हसले तर हा त्यांच्याहून मोठ्यानं हसला.

मग चहा जीपमध्ये गेला. शेंगाचटणी-भाकरी गेली. भाऊबहीण गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि तास दीड तास आम्ही बाकीचे अंगणात उभे राहून त्यांच्याकडं बघत होतो. शेवटी आतून जेवायची हाक आली. मामा आला तसाच पोरांच्या हातावरून खाली गेला आणि म्हणाला, "चल आक्के, वाट बघायला लावू नगंस."

आईनं माझ्याकडं बघितलं.

"काय बघतुयास? ये की हिकडं."

मी पुढं गेलो. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि मी तिला उचललं. फौजेत मी जखमी जवान उचललेत, टायरं उचललीत, धान्याची पोती उचललीत. आई इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. सगळी गल्ली बघत होती आणि ती मान ताठ करून सगळ्या गल्लीकडं बघत होती. अंगण ओलांडून उंबऱ्याशी गेलो आणि तिला खाली ठेवायला वाकलो, तर तिनं माझ्या पाठीत एक चापट मारली.

"हितं नगं. उचललंच हायस तर पार चुलीपतूर ने. भावजय आत पोळ्या लाटतीया, तिनं बघाय नगं व्हय?"

मी नेलं.