खिडकीवरची वायर

माझ्या थोरल्या बहिणीला लोंबणारं काही खपत नाही. पडद्याचा सुटलेला दोरा दिसला की बोलणं अर्धवट टाकून ती कात्री आणायला उठते. आम्ही तिला कात्रीताई म्हणतो आणि तिला त्याचं भूषण वाटतं.

दोन वर्षांपूर्वी भावोजींचं अर्धं अंग लुळं पडलं. तेव्हापासून ताई घरी बसून डॉक्टरांचे तोंडी अहवाल ऐकते आणि टाइप करते. घर त्यावरच चालतं. पण मोबाइलच्या इंटरनेटवर आवाज तुटायचा, शब्द गळायचे. शेवटी कंपनीने कळवलं, सोमवारी सकाळी दहापर्यंत वायरचं कनेक्शन घ्या, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ.

शनिवारी इंटरनेटचा लाइनमन आला. त्याच्या पाठोपाठ तळमजल्यावरचे घरमालकही वर आले.

"नवीन भोक पाडायचं नाही," ते म्हणाले. "भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"भोक कशाला?" लाइनमन म्हणाला. "मागच्या भाडेकरूंना मीच लाइन दिली होती. याच खिडकीतून वायर आत आली होती. कुठे गेली ती?"

ताईने माझ्याकडे बघितलं. ताई या घरात राहायला आली आणि आम्ही सामान लावत होतो त्या दिवशी ती काळी वायर भावोजींच्या खिडकीवरून आडवी लोंबत होती. "दिवसभर त्यांना एवढी एकच खिडकी, तीही धड नको का?" म्हणत ताईने ती कापली आणि भोक पांढऱ्या सिमेंटने लिंपून टाकलं. स्टूल मीच धरलं होतं. कापलेल्या वायरीवर आता गॅलरीत चार टॉवेल वाळत होते.

लाइनमनने टॉवेल बघितले आणि कपाळाला हात लावला. "बाई, या वायरीत काचेचा बारीक तंतू असतो हो, दुमडला की तुटतो. तुम्ही गाठी मारल्यात. आता खांबापासून नवीन ओढायची म्हणजे बुधवार उजाडणार."

आपल्याच हाताने पायावर धोंडा. कधी कुणापुढे हात न पसरलेली माझी बहीण त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "भाऊ, काहीही करा. हे काम गेलं तर मी यांना घेऊन कुठे जाऊ?" मला रडू येत होतं आणि रागही. कुणाचा, ते कळत नव्हतं.

लाइनमन चिडलेला होता, पण माणूस बरा. त्याने सिमेंट खरवडलं. बाहेरचा तुकडा शाबूत होता, पण ओढून ओढून वीतभरच आत आला. जोड दिल्यावर तो म्हणाला, "इंटरनेटचा डबा इथेच बसेल. कॉम्प्युटरही इथेच आणा."

पुढे ताईच्या टेबलापर्यंत वायर न्यायची कुठून? जमिनीवरून न्यावी तर भावोजींच्या खुर्चीची चाकं तिच्यावरून जाणार. भिंतीवरून न्यावी तर खिळा चालणार नाही. आणि खिडकीशी भावोजींचा पलंग.

ताई पलंगाकडे बघत राहिली. भावोजींना सगळं कळलं होतं. जड जिभेने ते म्हणाले, "सरकव."

आम्ही दोघींनी पलंग कपाटापाशी ढकलला आणि खिडकीत टेबल मांडलं. सोमवारी दहाच्या आत ताई कामाला बसली. काम टिकलं.

परवा ताईकडे गेले होते. वायर खिडकीवरून आडवी लोंबत होती आणि ताई तिच्याखाली टाइप करत होती. भावोजी कपाटाच्या दाराकडे बघत पडले होते.

"बाहेर काय चाललंय गं?" त्यांनी तिला विचारलं.

तिच्या कानात डॉक्टर बोलत होते. तिला ऐकू गेलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.