अकरा नंबरचा डबा

आमच्या टॉकीजचा इतिहास मीच लिहिलाय. स्मरणिकेत सहा पानं छापून आली, खाली माझं नाव आहे, आणि लोक अजून म्हणतात, दिलीप, काय बारकाईने लिहिलंस रे. त्या सहा पानांत एक ओळ खोटी आहे. कोणती, ते गावात कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते आता नाहीत, आणि माझ्या बायकोला अर्धंच ठाऊक आहे. तुम्ही ना माझ्या गावचे, ना नात्यातले, म्हणून आज तोंड उघडतंय.

पण आधी टॉकीजबद्दल सांगू द्या. हे टाळणं आहे — कळतंय मला. तरी सांगू द्या.

नाशिकहून सातपूर ओलांडून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव. तिथलं सार्वजनिक टॉकीज कुणा एका मालकाचं नाही, गावाचं. आजोबांच्या पिढीने भाताच्या जुन्या गोदामात ते उभं केलं. खुर्च्या कुठून आणायच्या, असा प्रश्न आला तेव्हा ठरलं — घरटी एक खुर्ची. त्यामुळे आमच्याकडे एकीसारखी दुसरी नाही. वेताची, लोखंडाची, हात तुटलेली. एक तर न्हाव्याच्या दुकानातली, गोल फिरणारी. ज्या घरची खुर्ची त्या घरचा माणूस आला की पाहुण्याने उठायचं. आमच्या शेजारच्या भावाभावांनी जमीन दुपारपर्यंत गुण्यागोविंदाने वाटून घेतली आणि टॉकीजमधल्या खुर्चीवरून मात्र वर्षभर अबोला धरला. कामंही घरटी पाळीने — झाडायचं, तिकिटं फाडायची, बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना जागेवर न्यायचं. पाळी चुकवली की पुढचा खेळ उभ्याने बघायचा.

एका कामाला मात्र पाळी नव्हती. मशीनवर नाना. नानांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण शनिवारी ते बंद. तीस वर्षं या माणसाने वरच्या खोलीतून खेळ दाखवला. खाली त्यांच्या घरची खुर्ची होती, चांगली हाताची, पण तिच्यावर ते एकदाही बसले नव्हते. रीळ कधी तुटलं नाही, कधी उलटं लागलं नाही. गावाला त्यांचा अभिमान होता आणि त्यांना तो पुरेपूर माहीत होता.

माझ्याकडे स्कूटर, म्हणून माझ्याकडे रिळं. नाशिकच्या एका थिएटरात बाराचा खेळ असायचा, आमच्याकडे तीनचा, आणि सिनेमाची प्रत दोघांत एकच. आमचे तेरा चपटे गोल पत्र्याचे डबे होते. प्रत्येकावर नानांनी लाल रंगात आकडा काढलेला. पहिली सात रिळं आधी आणायची, इकडे खेळ सुरू झाला की परत जाऊन उरलेली सहा, ती मध्यंतराच्या आत. वर्षानुवर्षं चाललं होतं. माझ्याकडूनही कधी चूक झाली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. का सांगतो? सवय आहे स्वतःचं कौतुक करायची.

तर नव्वदीच्या सुरुवातीचा एक शनिवार. उरलेले सहा डबे घेऊन येत होतो. सातपूरला कारखान्यांची पहिली पाळी सुटलेली, बसथांब्यावर ही गर्दी, आणि त्या गर्दीत सुनंदा. तिथल्या एका कारखान्यात होती, आमच्या रस्त्यावरच्याच वसाहतीत राहायची. चार महिने मी तिच्याकडे बघत होतो आणि ती बघत नसल्यासारखं करत होती. त्या दिवशी बस आलीच नाही आणि ती बघून हसली. आता सांगा, थांबू नको का? थांबलो. मागच्या सीटवर बांधलेले डबे सोडले, पाच कसेबसे पायाशी रचले, सहावा तिच्या मांडीवर दिला.

आयुष्यातली सर्वांत सुंदर दहा मिनिटं ती. मग वसाहतीच्या वळणावर तिचे वडील पान खात उभे दिसले. ती स्कूटर पुरती थांबायच्या आत उतरली, मांडीवरचा डबा ओढणीखाली घातला आणि ओळखच नसल्यासारखी चालू लागली. मीही मागे न बघता सुसाट सुटलो. टॉकीजच्या जिन्यापाशी डबे उतरवले, मोजले. पाचच. अकरावा नाही.

परत जायचं? तिच्या वडिलांना काय सांगायचं — तुमच्या मुलीकडे आमच्या सिनेमाचा तुकडा राहिलाय? तेवढ्यात मध्यंतर झालं. नाना नेहमी हात लावून एकेक डबा मोजायचे. तसा त्यांनी हात पुढे केला आणि मी म्हणालो, “मोजलेत नाना, सहाच्या सहा.”

त्यांनी हात मागे घेतला. तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्यावर विश्वास होता ना!

त्यांनी एकावर एक ठेवलेले डबे आकडे न बघता क्रमाने उचलले, बल्बच्या उजेडात रिळं चढवली. दहाव्यात नायकाची आई आंधळी होती आणि मामा मजेत पोहे खात होता. बाराव्यात आई सुईत दोरा ओवत होती आणि मामाच्या फोटोला हार. मग न्हाव्याच्या खुर्चीतून कुणीतरी गर्रकन फिरून विचारलं, “मामाला पोहे बाधले का काय?” त्यानंतर सिनेमा कुणी पाहिलाच नाही, हसण्यातच संपला. वर खिडकीत नानांचं डोकं दिसत होतं. ते हसत नव्हते.

खेळ सुटल्यावर कुणी मोजायच्या आत डबे मी घरी नेले, दर शनिवारी नेतो तसे. रविवारी सकाळी सुनंदाने अकरावं रीळ उशीच्या अभ्र्यात घालून आणून दिलं. डबा नाही. डब्यात तिच्या आईने नागलीचे पापड भरून टाकले होते. कंपनीतून बक्षीस मिळालाय असं सुनंदाने घरी सांगितलेलं. मी माळ्यावरून एक जुना डबा काढला, त्यावर लाल रंगात अकरा लिहिलं, रीळ आत ठेवलं.

आणि दहा वाजता टॉकीजमध्ये मंडळी जमली, आपापल्या खुर्चीवर बसून. डबे उघडले. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. सगळी रिळं जागच्या जागी. मग अकरावं दाखवलं कसं नाही?

कळलं ना मी काय केलं ते? रीळ हरवलं असतं तर दोष माझ्यावर आला असता. रीळ तिथे होतं, म्हणून तो नानांवर गेला. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. तेच उठले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “लय झालं. विसरायला लागलो मी.”

मी किल्ली घेतली. घेतली — आणि बारा-तेरा वर्षं मशीन चालवलं.

नाना खाली आपल्या खुर्चीवर बसू लागले आणि तिथून सगळं बिघडलं. आपलं डोकं कामातून गेलंय हे त्यांनी मनावर घेतलं. खिशात चिठ्ठ्या ठेवू लागले, त्यांवर लिहिलेलं: गॅस बंद केला. दूध आणलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. गावही मायाळू, दिसले की लोक विचारायचे, नाना, चष्मा घेतला का, नाना, घर कुठंय ठाऊक आहे ना? दुकानही पुतण्याला देऊन टाकलं त्यांनी. तल्लख माणूस हो! मला एकेका गिऱ्हाईकाच्या सायकलीचा नंबर पाठ म्हणून दाखवायचे आणि मग म्हणायचे, हे जुनं आठवतं, त्याचं काही खरं नसतं.

सुनंदाशी माझं लग्न झालं. रुखवतात तो डबा आला, सोनेरी कागद चिकटवून, आत नागलीचे पापड. सुनंदाने विचारलं, नानांना सांगितलंत ना? मी म्हणालो, कधीच सांगितलं, हसले ते. हे दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षा सहज निघालं.

वर्षं गेली. सोनेरी कागद झडला. स्मरणिकेचं ठरलं तेव्हा जुन्या गोष्टी विचारायला मी नानांना घरी बोलावलं. वरणभाताचं ताट वाढून सुनंदा डबाच घेऊन आली, पापड काढता काढता हसून म्हणाली, “नाना, ओळखलात का? हाच तो, ज्याने तुमचा मामा मारला.”



नानांनी डबा जवळ ओढला. अकराच्या आकड्यावरून बोट फिरवलं. स्वतःचं अक्षर माणूस ओळखतोच. मग माझ्याकडे बघितलं, आणि सुनंदाकडे बघून तिच्याइतकंच हसले. “तर काय,” म्हणाले, “सांगितलं होतं ह्याने तेव्हाच.”

त्यांनी दोन पापड खाल्ले. मी समोर बसून टॉकीजच्या खुर्च्यांबद्दल प्रश्न विचारत राहिलो. जाताना दारात त्यांनी खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि चप्पल घालून गेले. त्यानंतरही लोक विचारायचे, नाना, चष्मा घेतला का? ते म्हणायचे, बरी आठवण केलीस. शेवटपर्यंत असंच म्हणत राहिले, कुणाला काही कळू दिलं नाही. आणि मी स्मरणिकेत लिहिलं — वयोमानानुसार विस्मरण होऊ लागल्याने नानांनी मशीन सोडलं.

चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. बहुतेक दुधाच्या नि गॅसच्या. एक शनिवारची आहे: “तीनचा खेळ. खुर्चीवर बसायचं. वर जायचं नाही.”