घाणेरीचा एक कोंब

सलूनवाल्या काकांनी पंचेचाळीस वर्षं भल्याभल्यांच्या माना वाकवल्या. मग हात थरथरू लागला, एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, आणि मुलाने अगदी गोड बोलून खुर्ची आपल्याकडे घेतली. तेव्हापासून काका दुकानातल्या बाकावर पेपर वाचत बसायचे. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, "तुमचा नंबर माझ्या आधी का?" ते काकांना फार लागायचं.

शेवटी सुनेने टेकडीवरच्या प्रशिक्षणात त्यांचं नाव घातलं. आठ रविवार, फुकटचं काम. घाणेरीची झुडपं काढायची. फुलं दिसायला गोड, पण ही झुडपं खाली दुसरं काही उगवू द्यायची नाहीत. ती गेली की मूळचं गवत परत येतं. प्रत्येकाला दहा पावलं लांबरुंद जागा. शेवटच्या रविवारी ज्याच्या जागेत घाणेरीचा एकही कोंब सापडणार नाही, त्याला ती कायमची सांभाळायला. काकांना ती हवी होती. सकाळी उठून जायला एक ठिकाण, बस्स.

पहिल्या रविवारी शिकवणाऱ्या ताई काय सांगत होत्या, देव जाणे. काकांचं लक्ष झाडकात्रीवर. त्यांनी घाणेरी अशी एकसारखी कापली की लोक थांबून बघू लागले. तिसऱ्या रविवारी तिथे दुप्पट दाट घाणेरी उभी.

"काका, तुम्ही तिचे केस कापलेत," ताई म्हणाल्या. "केस कापून कोणी मरतं का? मातीखाली खोड मुळाला मिळतं ना, तिथली गाठ काढा."

सगळे हसले. काकाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी कुदळ घेतली. थरथरत्या हाताबद्दल कुदळीची काही तक्रार नव्हती. सातव्या रविवारी गवताची पाती वर आली आणि ती किती बोटं वाढली हे घरच्यांना आठवडाभर जेवताना ऐकावं लागलं.

शेवटच्या रविवारी ताईंनी वाकून सगळी जागा पाहिली, वहीत बरोबरची खूण केली आणि पुढे निघाल्या. काका चपलेतला खडा काढायला वाकले. गवताआड करंगळीएवढा कोंब होता, खरखरीत दातेरी पानांचा. पायाखाली दाबला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.  काका बराच वेळ वाकूनच राहिले.

"ताई, इथे एक राहिलाय."

ताई परत आल्या. "अहो काका, मला दिसलाच नव्हता."

"मला दिसला ना."

सकाळीच दोघांना याच कारणाने नापास केलं होतं, ताई तरी काय करणार? त्यांनी खूण खोडली. काकांना वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी कुदळ मागितली.

"आता कशाला, काका? ही जागा पुढच्या वर्गातल्या कुणाला तरी जाईल."

"जाऊ दे की. त्याला साफ मिळायला हवी," असं म्हणून काका गाठ खणू लागले.