रिमिक्सवर चालणाऱ्या आई

माझ्या सासूबाई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. मृणालचा, माझ्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी युनिमधल्या, म्हणजे विद्यापीठातल्या, ऑफिसात होतो. "आई गेली रे," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "घरीच. माझ्याशी बोलता बोलता." डोळे भरून आले, पण त्याआधी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. घरीच... या साथीच्या काळात आम्ही धास्ती घेतली होती ती नेमक्या उलट गोष्टीची. त्या पडतील, अ‍ॅम्ब्युलन्स येईल, हॉस्पिटलात सोबत कुणालाच सोडणार नाहीत, आणि इंग्रजीत धड दुखणंही सांगता न येणाऱ्या आई तिथे एकट्याच...

आई सांगलीला मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मृणाल शाळेत असताना युरोपातलं एक नाचाचं गाणं उन्हाळाभर सगळीकडे वाजत होतं. शब्द एकालाही कळत नव्हते. आईंनी कुणाकडून तरी त्याची कॅसेट मिळवली आणि गॅदरिंगला त्या गाण्यावर चक्क लेझीम बसवलं. ही कुठली भाषा म्हणून मुख्याध्यापिकांनी दरडावून विचारलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "लेझीमची." हा किस्सा आमच्या लग्नापासून मी इतक्यांदा ऐकला होता, की त्या गॅदरिंगला मीही हजर होतो असं वाटायचं.

इथे परदेशात, मॉसन लेक्स या उपनगरात, त्या आमच्याकडे काही महिन्यांसाठी आल्या आणि सीमा बंद झाल्या. पार्किन्सन्स आधीपासून होता, तो इथे वाढला. हातांची थरथर त्यांनी सोसली, पण दाराशी आलं की पाय जमिनीला खिळायचे, ते त्यांना सोसवेना. आयुष्यभर मुलींना "पाऊल उचल" म्हणून ओरडलेली बाई उंबऱ्याशी उभी राहून स्वतःच्याच पायांकडे बघत राहायची. मग त्यांनी खोलीबाहेर येणंच कमी केलं.

व्हिडिओ कॉलवरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवलं, की आवडीचं, पक्क्या ठेक्याचं गाणं लावून चालवून बघा. आम्ही अभंग लावले, तर आई डोळे मिटून खुर्चीत ऐकत बसायच्या. शेवटी त्याच जरा लाजत म्हणाल्या, आमचं ते गॅदरिंगचं लावून बघा. मी फोनवर शोधून लावलं आणि खिळलेला पाय खरंच सुटला! पण गाणं फार जलद होतं. पावलं एकमेकांत अडकली, त्या पुढे झुकत गेल्या, आणि मी धरलं नसतं तर तोंडावर आपटल्या असत्या. मृणालने गाणं बंद केलं, ते बंदच. आईंनी पुन्हा अभंग लावायला सांगितले. तेच जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, गाडीतून घरी येत होतो. रेडिओवर ओळखीची चाल लागली, पण संथ, अंग सैल सोडून चालावं तशी. निवेदक सांगत होता, जुन्या हिटचा हा नवा रिमिक्स. मी गाडी बाजूला घेतली आणि तो फोनमध्ये उतरवूनच घरी आलो. मृणालचा ठाम विरोध होता. या वेळी खरंच पडली तर कुठे नेणार आपण तिला? आई आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पडेन तर पडेन. तुम्ही लावा, निखिलराव."

त्या उठल्या. खोलीचं दार, पॅसेज, किचन, मागचं दार... मी हात पुढे धरून उलटा चालत होतो, पण हाताची गरज लागलीच नाही. बॅकयार्डातल्या लिंबाच्या झाडापाशी त्या थांबल्या, पाय जुळवले आणि स्वतःलाच हुकूम सोडला, "विश्राम." मृणाल हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर आई रोज तळ्याकाठी चालायच्या, कानात तो रिमिक्स. दाराशी त्यांचा ठेका मोडू नये म्हणून आम्ही आधीच दार उघडं धरून एका अंगाला सरकायचो. समोरून येणारे लोक हसून मान हलवायचे, त्याही हलवायच्या. रिमिक्सचं कौतुक मात्र त्यांनी कधी केलं नाही. नुसतं धुडूम धुडूम आहे, म्हणायच्या, आणि लेझीम खुळखुळवायची जागाच कापली मेल्यांनी.

त्या दुपारीही त्या चालतच लिंबाखालच्या खुर्चीपर्यंत गेल्या. चहात आलं जास्त घाल म्हणाल्या. मृणाल खिडकीतून काहीतरी विचारत होती, त्या उत्तरं देत होत्या, आणि एका प्रश्नाला उत्तर आलं नाही... डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. सांगलीचे सगळे स्क्रीनवर. सभागृहातल्या माणसाने संगीत काय लावू विचारलं, तेव्हा मृणालने जुनं गाणं सांगितलं. रिमिक्स नको, म्हणाली. आता तिला झेपेल.

परवा सकाळी कपडे वाळत घालायला मी मागच्या दाराशी आलो. आपोआप थांबलो, एका अंगाला सरकलो आणि दार उघडं धरून उभा राहिलो. मागून मृणाल चिमट्यांची टोपली घेऊन आली. माझ्याकडे बघितलं... आणि तीही दुसऱ्या अंगाला सरकून उभी राहिली.