गाडीतल्या कॅमेऱ्याने मला झोपाळू ठरवलं तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चालवतो त्या स्टाफ व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा बसवला. डोळे मिटले की तो किंचाळायचा. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत जास्त वेळा तो माझ्यावर किंचाळला. मॅनेजरने बोलावून कागद पुढे सरकवला. गाडी चालवताना मी पेंगते, असं त्यावर लिहिलं होतं.

"सही करून द्या, दीदी."

"मी पेंगत नाही. सही काहून करू?"

माझे वडील रेल्वे इंजिन चालवायचे. त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आई घरात कुणाला भांडूही द्यायची नाही. डोळे गेले तर नोकरी गेली, हे मी तेव्हापासून जाणते. म्हणून दुसऱ्याच दिवशी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

नजर चांगली होती, पण डोळे कोरडे पडले होते. रोजच्या रस्त्यावर, भनपुरीत ट्रकांची धूळ, पुढे एसीचा झोत थेट तोंडावर. "आणि गाडी चालवताना डोकं कशात गुंतलेलं असतं?" त्यांनी विचारलं. "गुंतलं की माणूस पापण्या मिटायचंच विसरतो. मग डोळे चुरचुरतात आणि एकदम मिटमिट सुरू होते."

मला ऑफिसचे फोन आठवले. कुठपर्यंत आल्या, कोण चढलं, कोण राहिलं. एका फेरीत चार-चार वेळा.

मी मॅनेजरला म्हटलं, "उद्या सकाळी माझ्या शेजारी बसा." या परक्या शहरात तो आमच्याकडचाच, अमरावतीचा. हसला, पण आला.

तेलीबांध्याच्या पुढे ऊन सरळ डोळ्यांत शिरलं. मी डोळे बारीक केले आणि कॅमेरा ओरडला. "पाहा, हे पेंगणं," मी म्हणाले. तेवढ्यात स्पीकरवर ऑफिसचा फोन आला. आज किती जण आहेत? मी मनात मोजू लागले. समोर एक सायकलवाला रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक दाबला तेव्हा तो हातभर अंतरावर होता.

मॅनेजरने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. "दिसला नाही काय तुमाले?"

"दिसून राहिला होता. डोक्यात शिरला नाही."

सायकलवाला शिव्या घालत निघून गेला. कॅमेरा मात्र गप्प होता. माझे डोळे उघडे होते, समोरच होते. त्याच्या हिशेबाने सगळं ठीक होतं.

गाडी बाजूला लावून मी फोन बंद केला आणि डिकीत टाकला. "आजपासून चालत्या गाडीत मी फोन घेणार नाही. लिहायचं असेल तर हे लिहा."

"फोन घ्यायची वरून ऑर्डर आहे, दीदी."

"मग वरच्यांना इथे बसवा."

चार दिवस मला गाडी दिली नाही. रोज हजेरी लावून मी ऑफिसच्या बाकावर बसून राहिले, ताठ. पाचव्या दिवशी दुसऱ्या दोन ड्रायव्हरांनीही फोन उचलणं बंद केलं. मग चालत्या गाडीत फोन नको, असं मॅनेजरनेच वर लिहून कळवलं. सायकलवाल्याचंही लिहिलं, हे मला नंतर कळलं.

आता कोण चढलं, कोण राहिलं, ते बसणारेच ग्रुपवर टाकतात. सकाळी ऊन फार झालं की मी वेग कमी करते. मागून कुणी हॉर्न वाजवलाच तर वाजवू देते.